खालच्या ओळी वाचणारी

—अगं घोटभर कॉफी तरी घे. नको? बरं, नको तर नको, मी काही आग्रह करणार नाही. किटली तशी तापलेलीच आहे म्हणा, माझ्यासाठी करणारच होते, त्यात एक कप जास्त काय नि कमी काय— अजून नको? गाडी बाहेर चालू ठेवून आलीस का? नाही ना? मग? लिंबाच्या वड्याही आहेत, काल केल्या, खाणारं कोणी नाही, उगाच टाकून द्याव्या लागतील— हां. घेतेस ना? अर्धाच कप म्हणे! पूर्ण भरते, उरली तर ओत बेसिनमध्ये. बघ, मला दारातच कळलं होतं, ही आपल्यातलीच. तीनदा विचारल्यावर हो म्हणालीस. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारी माणसं मी मिनेसोटात पाहिली नाहीत, आणि पाहिली ती सगळी बाहेरून आलेली. नाव काय म्हणालीस? मारित. कुणाची गं तू? तळ्यापलीकडच्या ओस्टबींची नात? अगं मग तुझ्या आजीचं भांडं आहे की माझ्याकडे, तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं! रिकामं कसं परत करायचं म्हणून राहिलंय चार वर्षं. आज नको नेऊस, आज त्यात घालायला काही नाही.

तर ही ती खुर्ची. मागे रेलते, पाय वर येतात, डाव्या हाताशी जरा झिजली आहे, पण कापड चांगलं आहे. चर्चच्या फळ्यावरच्या चिठ्ठीत फुकट लिहिलंय म्हणजे फुकटच, पाकीट काढू नकोस. ‘आज दुपारपर्यंत न्यावी’ असं का लिहिलं? तसंच. म्हणजे दोन वाजता तो समोरचा ट्रक निघतो— पडदा सरकव, दिसेल, पिवळा, आणि जोरजोरात बोलतोय तो जावई. समोरच्या घरातला कार्माइन चाललाय ॲरिझोनाला, लेकीकडे, कायमचा. आणि या खुर्चीत गेली दोन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी कार्माइनच बसायचा, तर म्हटलं ट्रक जायच्या आत खुर्चीही जाऊ दे. एकदमच काय ते होऊन जाऊ दे. बस ना तू. तिथे नको, इथे स्टुलावर बस, वडी घे.

काय करायचो म्हणजे? टीव्ही बघायचो! तुला काय वाटलं? जपानी मालिका. हसू नकोस. कोरियन पण, आणि चिनी, त्या जरा लांबतात— अठ्ठावन्न भाग, त्यातले नऊ भाग नायिका बर्फात गुडघ्यांवर बसलेली आणि राजा आतून बाहेर येत नाही. पण खरी जपानी. माझा खुबा बदलला ना, त्या हिवाळ्यात भाचीने तिचा पासवर्ड देऊन ठेवला होता, मी कुठलंतरी बटण दाबलं, आणि एक बाई दिसली, ती दारात चपला काढून नीट जुळवून ठेवत होती. दोन मिनिटं नुसती चपला ठेवत होती, मारित! कोणी ओरडत नव्हतं, कोणाला गोळी लागत नव्हती. मग ती शेजारणीकडे गेली, हातात बांधलेलं काहीतरी, शेजारीण म्हणाली नको नको, ही म्हणाली अहो काहीच नाही विशेष, ती म्हणाली छे, कशाला, आणि तिसऱ्यांदा घेतलं. मी उठूनच बसले. म्हटलं ही तर आपली माणसं! पलीकडे, समुद्रापार, काड्यांनी भात खाणारी, पण आपलीच. मयताला जेवण पोचवणारी. ‘बरं तर’ म्हणून गुडघ्यावर थाप मारून उठणारी, आणि मग दारात चाळीस मिनिटं उभी राहणारी. मनातलं एक अक्षर न बोलणारी. दहा भाग झाले तरी हात हातात नाही! माझी भाची म्हणते, मावशी, किती हळू चाललंय हे. म्हटलं बाई, तुझ्या काकांनी मला विचारायला चार वर्षं घेतली, आणि विचारलं ते पण मासे साफ करताना, माझ्याकडे पाठ करून. व्हर्लिन. माझा नवरा. अडतीस वर्षं. चांगला होता. ‘तू मला आवडतेस’ हे त्याने मला एकदाही म्हटलं नाही, मी त्याला म्हटलं नाही, गरजच काय होती, गाडीच्या काचेवरचा बर्फ रोज सकाळी खरवडलेला असायचा.

मग कार्माइन कसा आला, ते सांगते. तो न्यू जर्सीचा. बायकोचं माहेर इथलं, निवृत्त होऊन इथे आले, वर्षभरात ती बिचारी गेली, हा इथेच राहिला, एकटा, बर्फात, कुणाशी न पटणारा. न्यू जर्सीची माणसं माहीत आहेत ना? एकदा विचारतात. कॉफी? नको. बरं. संपलं! कप परत कपाटात! पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तर मी कॉफीविना परत आले, आठवडाभर मला वाटत होतं माणसाचा माझ्यावर काहीतरी राग आहे. भांडं परत करतो तर रिकामं! धुऊन, चकचकीत, आणि रिकामं. आणि जाताना निरोप नाही— ‘चल’ म्हणायचं नि दार आपटायचं. तर त्याचे डोळे गेले. सगळे नाही. मधोमध डाग पडलाय म्हणतात डॉक्टर, कडेचं शाबूत. म्हणजे ज्याच्याकडे सरळ बघेल तेच दिसत नाही, कळलं? दिसायला हवं असेल तर त्याच्या शेजारी बघायचं. मला हाक मारायची तर दिव्याकडे बघून मारतो. वाचता तर मुळीच येत नाही. एका गुरुवारी माझी पायरी दुरुस्त करायला आला होता— डोळे नाहीत पण हातोडी सोडत नाही— आणि आत मालिका चालू होती. म्हणाला, काय बोलतात गं? मी म्हटलं, खाली लिहून येतं. म्हणाला, मग वाच की.

वाच की! म्हणजे मी वाचायला लागले. आधी नुसतं, चर्चमध्ये वाचतात तसं सपाट. तो म्हणाला, हे काय, किराण्याची यादी वाचतेस का? ती रडतेय, मला ऐकू येतंय, तू पण जरा जीव ओत. मग काय! कोरियन मालिकेत ती श्रीमंत सासू येते ना, प्रत्येक मालिकेत येते, मुलीच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते, पैशाचं पाकीट सरकवते, ‘माझ्या मुलाचा नाद सोड’— ते तर मी असं करायचे की कार्माइन टाळ्या वाजवायचा. म्हणायचा, ही तर माझी आत्या, नेवार्कची, हुबेहूब. त्याला कोरियन जास्त आवडायच्या. जपानी बघताना तडफडायचा— ‘अरे बोल की तिला! तोंड आहे ना? दोन शब्द तर आहेत!’ आणि मी म्हणायचे, थांब, सातव्या भागात तो तिला छत्री देईल. आणि छत्री दिली की मी इकडे डोळे पुसतेय आणि हा तिकडे डोक्याला हात लावून.

एक गंमत सांगते. जुलैत खिडक्या उघड्या. मी आपली रंगात येऊन— ‘तुमच्या आईने माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं! मी तुम्हाला कधीही क्षमा करणार नाही! चालते व्हा, आणि पोटातल्या बाळाला बाप आहे हे विसरा!’ दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दारात लाव्हॉन, पलीकडची, हातात हॉटडिशचं गरम भांडं, वर बटाट्याच्या गोळ्या अशा ओळीत लावलेल्या. काही विचारलं नाही हं. ‘सहज केली होती, जास्त झाली.’ दहा वाजता पाद्र्यांची बायको, ती पण हॉटडिश घेऊन. संध्याकाळपर्यंत पाच! मी एकाहत्तर वर्षांची, मारित! पोटातलं बाळ! कोणी एक शब्द विचारला नाही, सगळ्यांनी खायला आणलं. कार्माइन पोट धरून हसला आणि पाचातल्या तीन त्याने एकट्याने संपवल्या.

हो, तेच तर. तू नेमकं विचारलंस. बाईचं पण मीच वाचायचे आणि पुरुषाचं पण. म्हणजे प्रेमाचं सगळं मीच बोलायचे. दोन्हीकडचं. ‘तुमच्यावाचून माझा दिवस उगवत नाही.’ असली वाक्यं मी जन्मात कुणाला म्हटली नव्हती, आणि इथे बसून, हातात लोकरीचं विणकाम, दर गुरुवारी एका माणसाला म्हणत होते. खाली लिहून यायचं ना! मी काय करणार? लिहिलेलं वाचते, बस. आणि तो माझ्याकडे तोंड करून बसायचा. पहिल्या महिन्यात मला वाटलं माझ्याकडेच बघतोय. मी जाऊन केस करून घेतले, सांगते तुला, निळा स्वेटर बाहेर काढला. मग लक्षात आलं, आर्डिसबाई, त्याला टीव्ही बघायचाय म्हणून तो टीव्हीच्या शेजारी बघतोय, आणि शेजारी तू बसली आहेस! बारीक अक्षर मलाही दिसत नाही ना, मी अगदी पडद्याच्या डाव्या कडेला बसते. तर असं. निळा स्वेटर परत कपाटात. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं थोडं. वडी घे अजून एक.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. भाग संपला आणि हा उठेना. ‘चल’ नाही, दार नाही. मग दिव्याकडे बघत म्हणाला, ‘आर्डिस, पोरगी म्हणते तिकडे ये. डोळे असे, बर्फात पडून हाड मोडलं तर कोण बघणार. मी काय करू? राहू का?’

आता तूच सांग. ‘राहू का’ म्हणून कुणी विचारलं तर आपल्यातली बाई काय म्हणेल? ‘छे छे, माझ्यासाठी कशाला!’ बरोबर? हेच ना? तू पण हेच म्हणाली असतीस, तुझी आजी तर नक्कीच. अगं ते नाही म्हणणं नव्हतंच, ते पहिलं नाही होतं! मग त्याने म्हणायचं, अगं पण खरंच विचारतोय. मग मी म्हणायचं, तुझ्या लेकीला काय वाटेल, तिचा विचार कर. मग त्याने तिसऱ्यांदा— आणि मग मी म्हणणार होते, सगळं तयार होतं माझं, अगदी जिभेवर. तो म्हणाला, ‘बरं.’ उठला. ‘चल.’ दार आपटलं. आणि दुसऱ्या दिवशी ट्रक ठरवला. मी इथे कपबशी हातात घेऊन दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसलेली. तीन आठवडे वाट बघितली, मारित. रोज वाटायचं आज विचारेल. तो खोकी भरत होता.

नाही, मी कशी विचारणार? काय विचारणार?

तर शेवटचा भाग गेल्या गुरुवारी होता. ती डब्यांची मालिका. स्टेशनच्या दाराशी जेवणाचे डबे विकणारी एक विधवा, फुमिए नाव, आणि तिकिटं तपासणारा किताजिमा. तो रोज एकच डबा घेतो. त्यात ते खारवलेलं आंबट फळ असतं, त्याला ते मुळीच आवडत नाही, पण आठ वर्षं मुकाट्याने खातो, तिने हाताने घातलंय म्हणून. कार्माइन म्हणाला, गाढव आहे. व्हर्लिनला माझं बीट आवडत नव्हतं हे मला त्याच्या मयताच्या जेवणाला त्याच्या बहिणीने सांगितलं. अडतीस वर्षं दर रविवारी खाल्लं माणसाने. असो. तर किताजिमाची बदली होते, लांब उत्तरेला. फलाटावर गाडी उभी, तो बॅग घेऊन पायरीवर, आणि ही ॲप्रन घालूनच धावत येते, केस सुटलेले, आणि उभी राहते त्याच्यासमोर. श्वास लागलेला. सबंध मालिकेत जे नाही बोलली ते बोलते. खाली लिहून आलं. पांढऱ्या अक्षरात, दोन शब्द. ‘जाऊ नका.’

मी वाचलं, ‘सांभाळून जा. तिकडे गारठा असेल.’

कशाला वाचलं तसं? मला काय माहीत कशाला! शब्द समोर होते, माझा चष्मा नाकावर होता. दोन वर्षं मी काय काय वाचलंय त्या माणसाला— जन्मोजन्मी काय, समुद्र आटेपर्यंत काय— आणि दोन शब्द तोंडातून निघेनात. कारण ते आधीचे सगळे तिचे होते आणि हे— अगं हे माझे होते ना. आणि पडद्यावर तो बॅग खाली ठेवतो. गाडी निघते, त्याच्याशिवाय. कार्माइनला गाडीचा आवाज ऐकू आला. म्हणाला, ‘गेला?’ म्हटलं, नाही. ‘का? ती तर म्हणाली सांभाळून जा.’ मी म्हटलं, गाडी चुकली त्याची. ‘मग पुढची?’ पुढची उद्या आहे. ‘मूर्ख आहे,’ म्हणाला. पडद्यावर ती दोघं एका बाकावर बसून डबा खात होती, एकही शब्द न बोलता, आणि तो ते फळ हळूच तिच्या झाकणात ठेवतो. हे मी सांगितलंच नाही त्याला. त्याला वाटलं संपलं. शेवटपर्यंत सरळ समोर टीव्हीकडे बघत बसला होता, हलला नाही, मला वाटलं—

काय? नाही, हो, सरळ टीव्हीकडे. असा. नाकासमोर.

थांब. तू जरा त्या खुर्चीत बस गं. बस म्हणते, नेणार आहेस तर बसून बघायला नको? रेल मागे. आता माझ्या स्टुलाकडे— नाही, मी इथे बसते, कडेला, माझ्या जागेवर. आता टीव्हीकडे बघ. सरळ. मान हलवू नकोस. त्याला मधलं दिसत नाही हं. मधला टीव्ही नाहीच आहे असं समज. कडेला काय दिसतं?

मी?

नीट सांग. चेहरा दिसतो? हात दिसतात? अगं म्हणजे— अख्ख्या दोन वर्षांत तो टीव्ही बघायचा तेव्हा तोंड माझ्याकडे असायचं. आणि शेवटच्या भागाला तोंड टीव्हीकडे. म्हणजे टीव्ही बघतच नव्हता. फलाट नाही, ॲप्रन नाही, काही नाही. मी चष्मा काढून डोळे पुसले ते बघत होता. सांभाळून जा म्हणताना माझं तोंड कसं झालं होतं ते बघत होता. आणि दिवा! ‘राहू का’ विचारलं तेव्हा दिव्याकडे बघत होता. दिवा माझ्या खांद्यामागे आहे. अरे देवा. तेव्हाही मलाच बघत होता. मग बोलला का नाही मेला? त्याला कळलं होतं तर— कारण तो एकदाच विचारतो. कप परत कपाटात. तो माझी वाट बघत होता. तीन आठवडे. मी इकडे मोजत बसले होते, पहिलं झालं, दुसरं राहिलं, आणि तो बिचारा तिकडे खोकं एक भरायचा नि—

किती वाजले? दोनला दहा कमी? ट्रक चालू केला त्या जावयाने. पडदा सरकव. अजून. तो बघ, उभा आहे आवारात, टोपी घालून. कशाकडे बघतोय? पत्रपेटीकडे? सगळं सामान ट्रकात आणि हा माणूस माझ्या पत्रपेटीकडे टक लावून का बघेल? पत्रपेटीच्या शेजारी काय आहे, मारित? माझी खिडकी आहे.

हे बघ, खुर्ची मिळणार नाही. फुकटही नाही, विकतही नाही. रागवू नकोस. चिठ्ठी काढून टाक फळ्यावरची, जाता जाता. माझी चप्पल— राहू दे, मोजेच बरे आहेत. सरक.

कार्माइन! ए कार्माइन! इकडे! हो, मीच ओरडतेय! गुरुवारी मी चुकीचं वाचलं! ती सांभाळून जा म्हणालीच नव्हती! खोटं वाचलं मी! आणि गाडी चुकली नव्हती त्याची, तो मुद्दाम उतरला!— लाव्हॉन, आत जा तू, ही मालिका नाही, हॉटडिश आणू नकोस!— ती म्हणाली, जाऊ नका. ऐकू येतंय ना? जाऊ नकोस, कार्माइन. आता खाली काही लिहिलेलं नाही. मी म्हणतेय.

... बंद केला वाटतं ट्रक.

मारित, तू अजून इथेच? वड्या सगळ्या घेऊन जा डब्यासकट, आणि आजीला नमस्कार सांग. आपल्या पद्धतीचा चाळीस मिनिटांचा निरोप पुढच्या वेळी करू. मागच्या दाराने जा, बाई, पटकन, तो रस्ता ओलांडतोय आणि मला तो निळा स्वेटर सापडत नाहीये.